हाबेलने न उचललेला हात

पुण्यात किंवा देशात अन्यत्र कोठेही रक्त सांडले आणि त्या बातमीत एखाद्या मुसलमानाचे नाव आले, की आपल्या कुटुंबांतून एक प्रश्न हमखास विचारला जातो. रविवारची मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या आवारात तो कानांवर येतो, आणि आता तर मोबाइलवर आलेल्या एखाद्या तुटक वचनासह तो आपल्या मुलांच्या हातांतही येऊन पडतो : त्यांच्या धर्मग्रंथातच हे सांगितलेले आहे ना? १३ फेब्रुवारी २०१० रोजी कोरेगाव पार्कमधील जर्मन बेकरीत स्फोट झाला, तेव्हा आम्ही हा प्रश्न अनेकांच्या तोंडून ऐकला. २ जून २०१४ च्या रात्री हडपसर येथे नमाज आटोपून घरी परतणाऱ्या एका मुसलमान तरुणाचा जमावाच्या मारहाणीत बळी गेला, तेव्हा मात्र कोणी कोणाच्या धर्मग्रंथाची चौकशी केल्याचे आम्हांस स्मरत नाही.

या प्रश्नाची दोन उत्तरे नेहमी तयार असतात. इस्लाम म्हणजे केवळ शांती, असे एक उत्तर सांगते. इस्लाम म्हणजे केवळ तलवार, असे दुसरे सांगते. दोहोंत एक मोठी सोय आहे : ग्रंथ उघडण्याचे कष्ट वाचतात. समीक्षेचे पहिले कर्तव्य ग्रंथ उघडणे हे असल्याने आम्हांस ही सोय घेता येत नाही. मराठी वाचकाकरिता कुराणाचे दार अत्यंत श्रद्धेने उघडणारा माणूस मराठीच होता. म्हणून आमच्या विवेचनाचा आरंभ विनोबा भावे यांच्या ‘कुराण-सारा’पासून करतो, आणि तेथून ज्या कथेवर मुसलमानांइतकाच आपलाही हक्क आहे, त्या हाबेलच्या कथेकडे वळतो.

विनोबांचा जन्म १८९५ चा, रायगड जिल्ह्यातील गागोदे गावचा. चाळिशी ओलांडल्यावर त्यांनी अरबी भाषेचा अभ्यास आरंभिला, तो कुराण मुळातून वाचता यावे म्हणून. या दीर्घ अभ्यासाचे फळ ‘कुराण-सार’ या ग्रंथाच्या रूपाने १९६२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांनी तत्कालीन पूर्व पाकिस्तानातून पदयात्रा केली. निवडक आयती घ्यायच्या, त्या विषयवार लावायच्या आणि वाचकाच्या हाती धर्माचे सार ठेवायचे, अशी त्यांची पद्धती. आपल्या वाचकांस ती अपरिचित नसावी, कारण नव्या करारातून वचने निवडून त्यांनी ‘ख्रिस्त-धर्म-सार’ही सिद्ध केले. आपल्या शुभवर्तमानास त्यांनी जो आदर दिला तोच कुराणास दिला. दुसऱ्याच्या धर्मग्रंथाकडे दोष हुडकण्यासाठी न जाता जगण्यासाठी काही मिळते का हे पाहण्यास जाणे, ही वृत्ती त्यांच्या काळीही दुर्मीळ होती. आज ती अधिकच दुर्मीळ झाली आहे.

या ग्रंथाचा सर्वांत मोठा लाभ असा, की तो वाचकाच्या मनातील भय काढून टाकतो. ज्यास कुराण म्हणजे युद्धाच्या आज्ञांचा संग्रह वाटत होता, त्यास परमेश्वराच्या दयेचा अखंड उच्चार ऐकू येतो. संयमाची शिकवण तर कुराणात ठायीठायी आहे. क्रोध गिळून टाकणाऱ्यांची आणि इतरांस क्षमा करणाऱ्यांची तिसऱ्या सूरेत प्रशंसा आहे. एखाद्या लोकसमूहाविषयी मनात वैर असले तरी त्यापायी न्याय सोडू नये, असे पाचवी सूरा बजावते. वाइटाचे निवारण अधिक चांगल्याने करावे, म्हणजे ज्याच्याशी शत्रुत्व होते तो जिवलग मित्रासारखा होईल, असा आशय एकेचाळिसाव्या सूरेत येतो. प्रेषित महंमद यांच्या परंपरेतही मल्लयुद्ध जिंकणाऱ्यापेक्षा रागाच्या क्षणी स्वतःस आवरणारा माणूस खरा बलवान मानला आहे. एवढे वाचल्यावरही इस्लाम म्हणजे केवळ तलवार असे कोणी म्हणत राहिला, तर तो दोष ग्रंथाचा राहत नाही.

तरीही विनोबांच्या या ग्रंथाविषयी दोन शंका नोंदविणे आम्हांस आवश्यक वाटते. पहिली शब्दाविषयीची आहे. नीतिविषयक खंडात विनोबा सत्य, अहिंसा, असंग्रह या क्रमाने जातात. ही आश्रमाच्या व्रतांची परिभाषा आहे, आणि मराठी वाचकास ती लगेच आपलीशी वाटते. कुराणाची स्वतःची परिभाषा मात्र वेगळी आहे. सब्र म्हणजे टिकून राहणारे धैर्य. अफ्व म्हणजे सूड घेण्याचा अधिकार असताना केलेली माफी. सुल्ह म्हणजे तुटलेले नाते जोडणारा समेट. या शब्दांच्या समोर जुल्म उभा असतो, म्हणजे अन्याय, आणि त्याच्याच बाजूस मर्यादा ओलांडणारे आक्रमण. या सर्वांवर अहिंसा हे एकच शीर्षक घातले, की सारे सुबोध होते, पण थोडे सपाटही होते. कोणत्याही जिवास कधीही इजा करू नये असे व्रत कुराण घालीत नाही. बळाचा वापर कोणत्या मर्यादेत राहावा हे ते सांगते, आणि त्या मर्यादेच्या आतही क्षमेची पायरी अधिक उंच ठेवते. बेचाळिसाव्या सूरेत अपकाराच्या बदल्यात तेवढाच प्रतिकार मान्य केला आहे, परंतु जो क्षमा करील आणि समेट घडवील त्याचे पारितोषिक परमेश्वराकडे असल्याचेही तेथेच सांगितले आहे. न्याय हा तळमजला आणि क्षमा हा वरचा मजला, अशी ही रचना आहे. केवळ वरचा मजला दाखविला तर घर पूर्ण दिसत नाही.

दुसरी शंका निवडीविषयीची आहे. सार म्हटले की गाळणे आले. गोडच रस तेवढा काढून दिला, तर पुढे कधी मूळ फळ चाखणारास फसविल्यासारखे वाटते. कुराणात कठोर आयती आहेत. त्या वाचकाने आपल्या हितचिंतकाकडून ऐकल्या नाहीत, तर तो त्या द्वेष पसरविणाऱ्याकडून ऐकतो, आणि मग सारग्रंथावरचा त्याचा विश्वासही उडतो. विनोबांचा हेतू निर्मळ होता, यात संदेह नाही. हृदये जोडणे हेच आपले काम, असे ते मानीत. परंतु आजच्या वाचकास जोडणाऱ्या वचनांइतकीच बोचणारी वचनेही सांगितली पाहिजेत, अन्यथा जोड टिकत नाही. संपूर्ण कुराणाचे मराठी अनुवाद आता उपलब्ध आहेत. सारग्रंथावर न थांबता त्यांकडे वळणे हाच विनोबांच्या श्रमांचा खरा सन्मान होय.

आता हाबेलकडे येऊ. उत्पत्तीच्या पुस्तकातील चौथा अध्याय आपण बालपणापासून ऐकत आलो आहोत. दोन भावांनी अर्पणे आणली, एकाचे स्वीकारले गेले, दुसऱ्याचे नाही. काइन हाबेलला शेतात घेऊन गेला आणि त्याने त्याचा जीव घेतला. आपल्या कथेत हाबेल एक शब्दही बोलत नाही. त्याच्या वतीने बोलते ते त्याचे भूमीवर सांडलेले रक्त. बायबलमधील अत्यंत प्रभावी मौनांपैकी हे एक आहे.

कुराणाच्या पाचव्या सूरेत हीच कथा पुन्हा येते, तेव्हा भावांची नावे दिलेली नाहीत. आदमचे दोन पुत्र एवढेच म्हटले आहे. मुसलमान परंपरा त्यांस काबील व हाबील या नावांनी ओळखते. येथे मात्र मरणारा भाऊ बोलतो. तू मला मारण्यासाठी हात पुढे केलास, तरी तुला मारण्यासाठी मी माझा हात पुढे करणार नाही, कारण मी विश्वाच्या प्रभूला भितो, असा त्याच्या उद्गाराचा भाव आहे. बायबलमध्ये जो केवळ बळी होता, तो येथे निर्णय घेणारा माणूस झाला. त्याचा हात दुर्बळ म्हणून थांबलेला नाही. त्याने तो समजून उमजून आवरला आहे. पुढे एक कावळा जमीन उकरून दाखवितो, तेव्हा खुनी भावास प्रेत पुरण्याची रीत कळते आणि आपण कावळ्याइतकेही शहाणे नव्हतो याचा पश्चात्ताप होतो. हत्येनंतरची असहायता इतक्या थोड्या रेषांत क्वचितच कोठे चितारली गेली असेल.

या कथेच्या पाठोपाठच ते वचन येते, जे हल्ली प्रत्येक शांतिसभेत उद्धृत होते : एका माणसाची हत्या ही जणू सर्व मानवजातीची हत्या, आणि एकाचा जीव वाचविणे हे जणू सर्वांचे प्राण वाचविणे. हा विचार इस्राएलच्या संततीस दिलेल्या आज्ञेच्या रूपाने कुराण मांडते, आणि यहुदी धर्मपंडितांच्या मिश्नामध्येही तो या कथेच्याच संदर्भात सापडतो. म्हणजे तिन्ही धर्मांचे पूर्वज एकाच प्रेताभोवती उभे आहेत. तथापि समीक्षकाने वचनातला अपवादही वाचला पाहिजे. हत्येचा दंड म्हणून किंवा देशात अनाचार माजविल्याबद्दल घेतलेला जीव या वचनातून वगळला आहे, आणि लगेच पुढच्या आयतीत अशा अनाचारासाठी अतिशय कठोर शिक्षा सांगितल्या आहेत. हाबीलच्या उद्गारातही केवळ मार्दव नाही. आपल्या भावाने दोघांच्या पापांचे ओझे घेऊन नरकाग्नीत जावे, असे तोच म्हणतो. तो हात आवरतो, कारण हिशेब करणारा दुसरा आहे अशी त्याची श्रद्धा आहे. वधस्तंभावर आपल्या मारेकऱ्यांसाठी क्षमा मागणाऱ्या प्रभू येशूपासून तो येथे वेगळा होतो. हा भेद लपविण्याचे कारण नाही. दोघांचा आदर राखूनही तो सांगता येतो.

या एका उद्गारावर पुढे मोठी इमारत उभी राहिली. जौदत सईद या सिरियन विचारवंताने १९६६ मध्ये आदमच्या पहिल्या पुत्राच्या मार्गावर एक ग्रंथ लिहून, हिंसेचा त्याग ही मुसलमानाची धर्मनिष्ठाच आहे असा पक्ष मांडला, आणि २०२२ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो सोडला नाही. आपल्याकडे तर त्याच्याही आधी खान अब्दुल गफार खान यांनी १९२९ मध्ये खुदाई खिदमतगार संघटना उभारून, बंदुकीवाचून ज्यांचे पान हलत नसे अशा पठाणांकडून निःशस्त्रतेची शपथ घेवविली. २३ एप्रिल १९३० रोजी पेशावरच्या किस्साखानी बाजारात गोळीबार झाला, तेव्हा नि:शस्त्र माणसांनी तो अंगावर घेतला. १९३४ मध्ये तुरुंगातून सुटल्यावर सरहद्द प्रांतात प्रवेशास बंदी असल्याने बादशहा खान काही काळ आपल्या वर्ध्यास राहिले. अहिंसा आपण गांधीजींकडून उसनी घेतली असे ते मानीत नसत. प्रेषितांच्या सब्राचीच ती वाट आहे, अशी त्यांची धारणा होती. विनोबांचे शीर्षक अपुरे असले तरी निराधार नव्हते, याची यापेक्षा मोठी साक्ष कोणती?

मग युद्धाच्या आयतींचे काय? त्या आहेत, आणि त्या इतिहासातल्या आहेत. मक्केत छळ सोसून, घरेदारे सोडून मदिनेस गेलेल्या समाजाला बावीसाव्या सूरेत प्रतिकाराची अनुमती मिळते, ती अन्याय झालेल्यांस मिळालेली अनुमती आहे. दुसऱ्या सूरेत लढणाऱ्यांशी लढण्यास सांगतानाच मर्यादा न ओलांडण्याचा इशारा आहे, कारण आक्रमण करणारे परमेश्वरास प्रिय नाहीत. नवव्या सूरेतील पाचवी आयत सर्वांत कठोर म्हणून वारंवार पुढे केली जाते. करार मोडणाऱ्या अनेकेश्वरवाद्यांविरुद्धची ती आज्ञा आहे. परंतु ती पुढे करणारे सहावी आयत क्वचितच वाचून दाखवितात. त्याच शत्रूंपैकी कोणी आश्रय मागितला तर तो द्यावा आणि त्यास सुरक्षित स्थळी पोहोचवावे, असे तीत सांगितले आहे. पहिले खलिफा अबू बक्र यांनी सैन्य रवाना करताना स्त्रिया, मुले व वृद्ध यांस मारू नये, फळझाडे तोडू नयेत, आणि मठांत राहणाऱ्या संन्याशांस त्यांच्या मार्गाने राहू द्यावे, अशा सूचना दिल्याचे इमाम मालिक यांच्या संग्रहात नमूद आहे. या मर्यादा मुसलमान राज्यकर्त्यांनी नेहमी पाळल्या काय? पाळल्या नाहीत. इतिहास त्याची साक्ष देतो, आणि आजचे दहशतवादी तर त्या उघडउघड तुडवितात. त्याच शास्त्रातील एखादी आयत ते आपल्या बाजूस ओढतात, हेही नाकारता येत नाही. मात्र ज्या मापाने त्यांस दोषी ठरवायचे, ते माप त्यांच्याच शास्त्रात आहे, हे महत्त्वाचे आहे. दहशतवाद्यास विरोध करणाऱ्या मुसलमानास आपला धर्म सोडावा लागत नाही. तो धर्मातच उभा राहून विरोध करू शकतो.

येथे आपण आपल्याही घरात डोकावले पाहिजे. गेथसेमनी बागेत प्रभूने पेत्राला तलवार म्यानात घालण्यास सांगितले. तरीही त्याच प्रभूचे क्रूसचिन्ह वस्त्रांवर मिरवीत धर्मयुद्धे लढली गेली, आणि आपल्या शेजारच्या गोव्यात १५६० मध्ये सुरू झालेले इन्क्विझिशन १८१२ पर्यंत पूर्णतः संपले नाही. आपल्या ग्रंथात तलवारीस अनुमती देणारे वचन शोधण्यास त्या काळच्या धर्मपंडितांस अडचण पडली नाही. आपल्या जुन्या करारातील यहोशवाच्या लढाया एखाद्या परक्याने संदर्भ तोडून वाचल्या, तर तो आपल्याविषयी काय मत करून घेईल? त्या धर्मयुद्धांच्याच धामधुमीत, १२१९ मध्ये, संत फ्रान्सिस असिसीकर इजिप्तमधील दमिएत्ता येथे शत्रूच्या छावणीत शिरले आणि सुलतान अल-कामिल यांस भेटले. सुलतानाने त्यांस सुखरूप परत पाठविले. सेनानींच्या पराक्रमांपेक्षा ही एक भेट ख्रिस्तसभेस आज अधिक अभिमानाची वाटते.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ च्या घोषणापत्राद्वारे मुसलमानांविषयी आदर व्यक्त केला आणि भूतकाळातील वैर विसरून परस्परांस समजून घेण्याचे आवाहन केले. ४ फेब्रुवारी २०१९ रोजी पोप फ्रान्सिस आणि अल-अझहरचे प्रमुख इमाम अहमद अल-तय्यब यांनी अबू धाबी येथे मानवी बंधुत्वाच्या दस्तऐवजावर सह्या केल्या. आपल्या पुण्यात फादर मॅथ्यू लेदर्ले यांनी शनिवार पेठेत स्नेहसदन उभे केले, ते अशाच संवादासाठी. तात्पर्य, दुसऱ्याचा ग्रंथ आदराने वाचणे ही आपल्यासाठी केवळ सौजन्याची बाब उरलेली नाही. ती ख्रिस्तसभेची शिकवण आहे.

एका आक्षेपाचे उत्तर देणे मात्र उरते. ग्रंथ वाचून हिंसा थांबते काय? हमीद दलवाई हा प्रश्न विचारणारांतले अग्रणी. ‘इंधन’ या त्यांच्या १९६५ च्या कादंबरीत कोकणातील एका गावात आग कशी पेटते ते आहे, आणि ती पेटते ती गावातल्याच मानापमानांवर नि साचलेल्या रागांवर. २२ मार्च १९७० रोजी त्यांनी पुण्यातच मुस्लिम सत्यशोधक मंडळाची स्थापना केली. सुंदर वचनांच्या निवडीपेक्षा समान कायदा, स्त्रियांचे हक्क आणि विवेकी नागरिकत्व यांवर त्यांची भिस्त होती. विनोबा आणि दलवाई यांच्या वाटा एकमेकींपासून दूर दिसतात, पण आम्हांस त्या परस्परपूरक वाटतात. वचने कितीही थोर असली तरी हल्लेखोराचा हात कायद्यानेच धरावा लागतो, हे दलवाईंकडून शिकावे. शेजाऱ्याच्या अंतःकरणात हात आवरण्याची प्रेरणा कोठून येते, हे विनोबांकडून शिकावे. कायदा हात धरतो. हाबेल स्वतःहून तो खाली ठेवतो. समाजास दोहोंची गरज असते.

बावीसाव्या सूरेत याच प्रतिकाराच्या अनुमतीजवळ आणखी एक गोष्ट सांगितली आहे. परमेश्वराने काही लोकांस दुसऱ्यांच्या हातून आवरले नसते, तर मठ, ख्रिस्ती प्रार्थनामंदिरे, यहुदी सभास्थाने आणि मशिदी उद्ध्वस्त झाल्या असत्या, असा तिचा आशय. या क्रमात ख्रिस्ती मंदिरे मशिदींच्या आधी येतात. आपल्या क्वार्टर गेटजवळील सिटी चर्चचा इतिहास ज्यांस ठाऊक आहे, त्यांस हे वाचून नवल वाटू नये. १७९२ मध्ये ते चर्च उभे राहिले, ते सवाई माधवरावांच्या कारकिर्दीत, पेशवाईने दिलेल्या भूमीवर. ज्या वेदीसमोर आपण गुडघे टेकतो, तिच्याखालची जमीन दुसऱ्या धर्माच्या सत्तेने दिलेली आहे. आपण स्वतःच कोणाच्या तरी आवरलेल्या आणि उदार हाताचे ऋणी आहोत.

२०२५ मध्ये मुसलमान बांधवांचा रमजान आणि आपला प्रायश्चित्तकाळ एकाच आठवड्यात सुरू झाले. नाना पेठेत नि कॅम्पात एकाच गल्लीतील दोन घरांतून दोन उपास चालू होते. तेव्हा आमच्या मनात आले, की वारंवार विचारला जाणारा तो प्रश्न थोडा बदलावा. त्यांच्या ग्रंथात हिंसा सांगितली आहे का, असे आपल्या मुलाने विचारले, तर त्याच्यापुढे दोन्ही ग्रंथ उघडून आदमच्या त्या दोन पुत्रांची कथा वाचावी. मग त्यालाच विचारावे : या दोन भावांपैकी तू कोणाचा हात होणार?